चार्ल्स कोरिया बघायचे तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा: लेक आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला चार्ल्स कोरियांच्या इमारती बघायच्या आहेत. आधी मुंबईतल्या, मग जमतील तशा देशातल्या. सोबत जाणारे आईवडील या क्षेत्रातले नाहीत, पण त्यांनाही नुसतं बाकावर बसून राहायचं नाही. सगळ्या याद्यांमध्ये पेडर रोडजवळची उंच निवासी इमारत कांचनजंगा पहिल्या नंबरवर असते, तर तिथूनच सुरुवात करायची का?

माझं उत्तर: नको. नवी मुंबईतल्या बेलापूरपासून करा. कांचनजंगा दुसऱ्या दिवशी.

मी आर्किटेक्ट आहे, बरीच वर्षं प्रॅक्टिस केली आणि मधूनमधून शिकवतो. मुलांना कोरिया दाखवायला नेताना हाच क्रम ठेवतो, कारण उलट क्रमाने गेलं की मुलं त्या उंच टॉवरच्या प्रेमात पडतात आणि बेलापूरला पोचल्यावर ‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ असा चेहरा करतात.

कोरियांचा जन्म १९३० साली सिकंदराबादचा, घराणं मूळ गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुढे अमेरिकेत मिशिगन आणि एमआयटीत. १९५८ साली त्यांनी मुंबईत काम सुरू केलं आणि २०१५ साली मुंबईतच त्यांचं निधन झालं. पद्मविभूषण आणि ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचं सुवर्णपदक वगैरे मानसन्मान लेकीला पाठ असतीलच. तुम्हाला सोबत न्यायला एकच मुद्दा देतो. आपल्या हवेत माणूस दिवसाचा बराच वेळ भिंतींच्या आत नसतो. सकाळी ओटीवर, दुपारी पडवीत, रात्री गच्चीवर. म्हणजे छप्पर नसलेली जागाही घराची खोलीच झाली, आणि ती बांधायला जवळपास फुकट पडते. मग ज्याच्याकडे पैसे कमी त्याला ही खोली जास्त उपयोगाची. या एका हिशेबावर कोरियांनी पन्नासेक वर्षं काम केलं. गरिबाचं घर असो, संग्रहालय असो, चर्च असो की विधानसभा, उघड्या आकाशाचा तुकडा कुठे ठेवलाय ते शोधायचं. तो सापडला की इमारत उलगडते.

आता बेलापूर. हार्बर लाइनने सीबीडी बेलापूरला उतरा आणि रिक्षावाल्याला ‘आर्टिस्ट व्हिलेज’ सांगा. सेक्टर आठ, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. १९८३ ते ८६ या काळात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, झालेली ही वसाहत: सहाएक हेक्टर जमीन आणि सुमारे साडेपाचशे कुटुंबं. रचना अशी की सात घरं एका चौकाभोवती, चौक साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांच्यामध्ये बारा बाय बाराचा मोठा चौक. तसे तीन मिळून त्याहून मोठा. शेवटी मधून वाहणाऱ्या ओढ्याच्या काठची सगळ्या वस्तीची मोकळी जागा. दारासमोरच्या चौकात पोर रांगतं, पुढच्यात पोरं क्रिकेट खेळतात, त्याच्या पुढच्यात गणपतीचा मांडव पडतो. कोकणातल्या वाडीत वाढलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

खरी मेख प्लॉटमध्ये आहे. घरांच्या किमती तेव्हा वीस हजारांपासून एक लाख ऐंशी हजारांपर्यंत, म्हणजे नऊपट फरक. प्लॉट मात्र ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे दुपटीचाही फरक नाही. गरिबाला पैसे कमी म्हणून बांधकाम कमी मिळेल, पण जमीन आणि आकाश जवळपास शेजाऱ्याइतकंच. मग हातात चार पैसे आले की त्याने वाढवत न्यायचं. म्हणून दोन घरांना सामाईक भिंत ठेवली नाही, आपलं घर वाढवायला शेजाऱ्याची परवानगी लागू नये म्हणून. शेजाऱ्याच्या अंगणात डोकावेल अशी खिडकी काढायची नाही हा नियम. विटांच्या भिंती, लाकडी खांब, उतरती कौलं, चुना. गावाकडचा गवंडी उभारू शकेल असंच सगळं.

आणि आज? बहुतेक जुनी घरं गेली आहेत. त्यांच्या जागी दोन-दोन, तीन-तीन मजली आरसीसी बंगले उभे आहेत, टाइल लावलेले, स्टीलच्या रेलिंगचे. विद्यार्थी इथे हिरमुसतात. मी त्यांना सांगतो की फोटोतली कौलारू घरं शोधू नका, चौक शोधा. मागे एकदा अशाच एका चौकात आम्ही मापं घेत होतो. सात घरांपैकी एकच मूळ कौलाचं राहिलेलं, बाकी सहांनी माना उंच केलेल्या. त्या कौलारू घरातल्या काकू बाहेर आल्या, काय मोजताय विचारलं, आणि मग चौकाच्या मधोमध बोट दाखवून म्हणाल्या, “वरती पाहिजे तेवढं चढा म्हणावं, इथे मात्र कुणी एक वीट लावली नाही.” खरंच नव्हती लावली. दोन स्कूटर, एक तुळशीवृंदावन, वाळत घातलेले पापड, पण बांधकाम नाही. घरं बदलली आणि मोकळी जागा टिकली, म्हणजे जे टिकावं म्हणून आखलं होतं तेच टिकलं. मोटारींचं मात्र कोरियांना सुचलं नाही हे कबूल करावं लागेल. काही चौकांमध्ये आता गाड्याच उभ्या असतात, आणि त्या गल्ल्यांमधून गाडी वळवणं हा वेगळाच खेळ आहे.

इथे लोक राहतात, प्रदर्शन नाही हे लक्षात ठेवा. सकाळी नऊनंतर जा, फोटोआधी विचारा. चार वाजता गेलात तर पोरं चौकात उतरलेली असतात आणि वस्ती कशी चालते ते आपोआप दिसतं.

दुसऱ्या दिवशी कंबाला हिल. कांचनजंगा खाजगी आहे, आत सोडणार नाहीत, आणि ओळख काढून जायचा आटापिटाही करू नका. पेडर रोडवरून बघा, मग आजूबाजूच्या गल्ल्यांतून वेगवेगळ्या कोनांतून बघा. १९७० ते ८३ एवढा काळ चाललेलं काम. अठ्ठावीस मजले, ८४ मीटर उंची, आणि घरं फक्त बत्तीस. प्लॅन साधा, २१ मीटरचा चौरस. मुंबईत इमारतीला पश्चिमेचा वारा आणि समुद्र हवा, पूर्वेला बंदर दिसतं, पण त्याच पश्चिमेकडून दुपारचं ऊन आणि जून ते सप्टेंबर पाऊस झोडपतो. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय केला होता: राहत्या खोल्यांभोवती व्हरांड्याचा पट्टा. ऊन-पाऊस तिथे थोपवायचा, वारा आत घ्यायचा. कोरियांनी तोच व्हरांडा पंचवीस मजले वर नेला, आणि सलग पट्ट्याऐवजी कोपऱ्यांवर दोन-दोन मजले उंचीचे बगीचे कोरून काढले. रस्त्यावरून दिसणारे रंगीत कोनाडे म्हणजे ते. सहा मीटरहून जास्त लांबीचा सज्जा हवेत तरंगतो आणि कोपऱ्यात खांब नाही. सगळा भार मधल्या गाभ्यावर. स्ट्रक्चर इंजिनिअर शिरीष पटेलांचं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येईल.

लेकीला इथे एक काम द्या. प्लॅन काढायचा नाही, सेक्शन काढायचा, म्हणजे इमारत सुरीने उभी कापली तर आत काय दिसेल ते. तीन, चार, पाच, सहा शयनगृहांची घरं एकमेकांत कशी अडकवली आहेत, पूर्व ते पश्चिम आरपार वारा कसा जातो, हे रस्त्यावरून दिसणाऱ्या कोनाड्यांवरून अर्ध ओळखता येतं. कोरियांचे प्लॅन बहुतेक वेळा सरळसोट असतात. रस असतो तो सेक्शनमध्ये. पहिल्याच दिवसापासून ही सवय लावली तर पुढच्या सगळ्या इमारती तिला वेगाने वाचता येतील. तुम्हाला रेघा ओढायच्या नसतील तर एवढंच बघा: कुठला बगीचा काचा लावून बंद केलाय आणि कुठला अजून उघडा आहे.

जवळच्या अल्टामाउंट रोडवर अँटिलिया दिसते. सत्तावीस मजले, एक कुटुंब. इकडे अठ्ठावीस मजल्यांत बत्तीस. श्रीमंतांच्याच दोन इमारती, पण त्यांच्यामध्ये उभं राहून मुलांशी बोलण्यासारखं बरंच असतं.

परतताना दादरला उतरा. गोखले रोडवरचं पोर्तुगीज चर्च आपण बसथांब्याचं नाव म्हणूनच वापरतो, मान वर करून कुणी बघत नाही. इथलं मूळ चर्च सोळाव्या शतकाच्या शेवटचं. आजची वास्तू १९७४ ते ७७ मधली, कोरियांची. बाहेरून विचित्रच वाटते, काँक्रीटचे शंकूसारखे वर निमुळते होत गेलेले आकार. आत गेल्यावर कळतं की ती धुराडी आहेत, फक्त धुराऐवजी गरम हवेची. खाली गर्दीने तापलेली हवा वर चढते आणि निघून जाते, तिची जागा भरायला बाजूच्या उघड्या चौकांतून गार हवा आत येते. वरून उतरणाऱ्या उजेडात एम. एफ. हुसेन यांनी रंगवलेली काच आहे. छप्पर, चौक, पुन्हा छप्पर, असं चर्च तुटक तुटक आहे, आणि सणाला गर्दी झाली की माणसं चौकांत सांडतात. युरोपातल्या चर्चची उंच बंद पेटी दादरच्या घामात चालणार नाही, हे ओळखून केलेलं काम आहे. मला स्वतःला आतला भाग आवडतो, बाहेरचा नाही. प्रार्थनेच्या वेळा टाळा, पायताण आणि कॅमेरा दोन्ही हळू.

मुंबईतल्या इमारती एवढ्यात जवळपास संपतात. नेपियन सी रोडवरचं सोनमर्ग आहे, १९६० च्या दशकातलं, पण तेही खाजगी. मुंबईवरचं कोरियांचं सगळ्यात मोठं काम मात्र इमारत नाहीच. १९६५ साली कोरिया, आर्किटेक्ट प्रवीणा मेहता आणि तेच शिरीष पटेल या तिघांनी सरकारपुढे एक योजना मांडली: मुंबई उत्तरेकडे ताणत नेऊ नका, खाडी ओलांडून पूर्वेला दुसरं शहर उभं करा. त्यातून १९७० साली सिडको झाली आणि ३४४ चौरस किलोमीटरवर नवी मुंबई आखली गेली. कोरिया १९७४ पर्यंत तिचे प्रमुख आर्किटेक्ट होते. म्हणजे बेलापूरला जाताना वाशीची खाडी ओलांडलीत तेव्हाच तुम्ही त्यांच्या कामात शिरलात. योजनेचा गाभा असा होता की मंत्रालयासकट राज्य सरकारची कचेरी तिकडे हलवायची, मग नोकऱ्या जातील, मग माणसं जातील. सरकार हललं नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर टाकून कचेऱ्यांचे मनोरे उठले. नवी मुंबई वसली, पण ज्या शहराचा भार कमी करायचा होता त्याचा भार वाढतच राहिला. रोज सकाळी हार्बर लाइनवर लोंबकळणारी गर्दी हा त्या न हललेल्या मंत्रालयाचा परिणाम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

अशी कागदावर राहिलेली कामं आणखी आहेत आणि ती बघायला तिकीट लागत नाही. फोर्टात दादाभाई नौरोजी रोडवर उभे राहा. फुटपाथवर दिवसा फेरीवाले, रात्री झोपणारी माणसं, हे चित्र १९६० च्या दशकातही होतं. कोरियांनी सुचवलं की फुटपाथच्या कडेने दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच ओटा बांधा, मध्ये मध्ये नळ द्या. दिवसा त्यावर फेरीवाले बसतील, संध्याकाळी ओटा धुतला जाईल, रात्री तिथे माणसं झोपतील आणि चालणाऱ्याला वाट मोकळी राहील. चार पैशांचं काम. झालं नाही. मग गिरणगावात जा. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं यासाठी १९९६ साली कोरियांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला होता. १९९१ च्या नियमाप्रमाणे जमिनीचा एक हिस्सा शहराला मोकळा, एक सार्वजनिक घरांना आणि एक मालकाला, अशी ढोबळ वाटणी व्हायची होती, आणि गटाने सुट्या सुट्या गिरण्या न बघता सगळ्या एकत्र धरून आखणी करायला सांगितलं होतं. २००१ साली नियमच बदलला: वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, गिरणीच्या इमारतीखालची जमीन त्यातून बाहेर. पुढे तिथे काय उभं राहिलं ते लोअर परळ स्टेशनच्या पुलावरून दिसतंच. आर्किटेक्चरच्या विद्यार्थिनीने हे दुसऱ्याच वर्षी पाहिलेलं बरं. आराखडा कितीही चांगला असला तरी नियमातलं एक वाक्य त्याला गिळू शकतं.

आता मुंबईबाहेर. सगळ्यात जवळचं आणि माझ्या मते सगळ्यात मुरलेलं काम पुण्यात आहे. विद्यापीठाच्या आवारातली आयुका, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतरविद्यापीठीय केंद्र. संस्थापक संचालक जयंत नारळीकर, बांधकाम १९८८ ते ९३. विश्वाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची इमारत कशी असावी, या प्रश्नावर दोन हुशार माणसं एकत्र बसली की काय होतं ते इथे दिसतं. मधोमध खाली उतरणारं कुंड आहे, हिरवळ आणि दगडी पायऱ्यांचं, आणि त्याच्या कडेने आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. बागेत एका ठिकाणी त्रिकोणातून त्रिकोण काढत जाणारी सिरपिन्स्कीची आकृती जमिनीत मांडली आहे, पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबक आहे.

पण तुम्ही भिंतीपाशी थांबा. खाली पुण्याचा नेहमीचा काळा दगड, खडबडीत. त्याच्यावर त्याहून काळा कडप्पा. सगळ्यात वर गुळगुळीत पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट. खालून वर जाताना काळेपणा वाढत जातो, आणि सगळ्यात वरच्या पट्ट्यात, जिथे भिंत सर्वात काळी असायला हवी, तिथे आकाश आणि ढग उमटलेले असतात. ऊन तिरकं असताना दोन पावलं मागे-पुढे होऊन बघा, भिंत नेमकी कुठे संपते ते सांगता येत नाही. तीन जातींच्या दगडांवर भागवलंय सगळं, आणि त्यातले दोन तर आपल्या स्वयंपाकघरांच्या ओट्यांवर घासूनघासून पांढरे झालेले असतात. साहित्य परवडत नाही असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना मी या भिंतीसमोर उभं करतो. आत जायला परवानगी लागते, तेव्हा आधी पत्र लिहा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी मात्र संस्था सगळ्यांसाठी खुली असते, गर्दी चालत असेल तर तो दिवस साधा.

गोव्यात पणजीला कांपालमध्ये मांडवीच्या काठी कला अकादमी आहे, १९७३ ते ८३ मधली. इमारत नदीपुढे मान खाली घालून बसलेली: बुटकी, लांब, वर पर्गोला म्हणजे उघड्या तुळयांची जाळी, आणि रस्त्यावरून थेट नदीपर्यंत चालत जाता येईल अशी आरपार. नाटक नसलं तरी संध्याकाळी माणसं पायऱ्यांवर टेकायची, दार असं नव्हतंच. आतल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी प्रेक्षकांची खोटी गॅलरी रंगवली, म्हणजे प्रयोगाला चार माणसं आली तरी नटाला नाट्यगृह भरलेलं दिसावं. गोव्यातली मराठी नाट्यस्पर्धा याच रंगमंचावर वाढली, त्यामुळे तिथल्या नाटकवाल्यांचा या वास्तूवर विशेष जीव. तिच्या डागडुजीवरून गोव्यात मोठा वाद पेटला. काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाच्या छताचा भाग कोसळला. त्या वर्षाअखेर दारं पुन्हा उघडली, पण गळतीच्या आणि आवाजाच्या तक्रारी कलाकारांनी त्यानंतरही केल्या. काँक्रीट आणि समुद्राची खारी हवा यांचं वैर जुनं आहे, दर पावसाळ्याआधी निगा राखली नाही तर ते वैर जिंकतं. दोना पावलाचं सिदाद द गोवा हॉटेलही कोरियांचंच. राहायचं बजेट नसेल तर चहा घ्या, तेवढ्यात रंगवलेल्या खोट्या खिडक्या-दारांची गंमत बघून होते. आणि फोंतेन्हासमध्ये चार्ल्स कोरिया फाउंडेशन आहे. लेकीला तिथे नक्की न्या, शहरांवर काम करणारी तरुण मंडळी भेटतील.

अहमदाबादला साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय. हे काम मिळालं तेव्हा कोरिया अठ्ठावीस वर्षांचे होते. १९६३ साली नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. सहा मीटर बाय सहा मीटरचे चौकोन, विटांचे खांब, वर कौलं, आणि काच नावाला नाही, लाकडी झडपा. काही चौकोन खोल्या झाले, काही नुसत्या पडव्या, मधला एक पाण्याचा. आणखी लागले तर जोडत जा, म्हणून तर पुढे बेलापूर झालं. गांधींच्या झोपडीशेजारी उभं राहून तिच्याहून मोठा आवाज न करणं ही तरुण आर्किटेक्टला साधणारी गोष्ट नाही, यांना साधली. याच शहरात त्यांचं ट्यूब हाउस होतं. ३.६ मीटर रुंद, १८ मीटर लांब, उतरत्या छपराच्या आतून गरम हवा वर सरकून माथ्याच्या फटीतून बाहेर पडायची. पंखा नसलेल्या माणसासाठी काढलेला सेक्शन होता तो. १९९५ साली पाडलं. आता चित्रांतच आहे, पण चित्र जरूर काढायला लावा. अहमदाबादेत आहातच तर आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचा स्टुडिओ, संगथ, हाही बघा. दोशी जन्माने पुण्याचे, आणि दोघांमधला फरक एका दिवसात कळतो.

भोपाळला भारत भवन, १९८२ साली सुरू झालेलं. मोठ्या तलावाकडे उतरणाऱ्या टेकडीत इमारत इतकी बुडवली आहे की रस्त्यावरून दिसते ती फक्त गच्ची आणि पायऱ्या. तुम्ही बागेत फिरतोय असं समजत असता आणि खाली पायाखाली संग्रहालय असतं. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी आदिवासी कलाकारांची चित्रं शहरी चित्रकारांच्या बरोबरीने लावली ती इथेच. थंडीत दुपारी तीनला जा, सूर्यास्तापर्यंत थांबा, आणि सोमवार टाळा. देशातल्या त्यांच्या इमारतींपैकी एकच निवडा म्हणालात, तर ही. त्याच शहरातल्या विधानसभेत सुरक्षेमुळे मोकळेपणी फिरता येत नाही, बाहेरून गोल घेर बघून या.

जयपूरचं जवाहर कला केंद्र नऊ चौकोनांचं, नऊ ग्रहांना वाहिलेलं. जयपूर शहराची आखणी नऊ चौकोनांची आणि त्यातला एक डोंगरामुळे सरकलेला, म्हणून इथेही एक चौकोन सरकवून त्या फटीतून प्रवेशद्वार काढलं. मधला सूर्याचा चौकोन रिकामा, पायऱ्या उतरणारा. लाल दगडाच्या भिंती फोटोत सुंदर दिसतात. मला मात्र इथे कल्पना इमारतीवर बसल्यासारखी वाटते. ग्रहांची गोष्ट कुणी सांगितली नाही तर खोल्या नुसत्या खोल्या आहेत. आयुकेत गोष्ट न कळताही भिंत पोचते. मतभेद असू शकतो, लेकीला विचारा तिला काय वाटतं.

दिल्लीत एकच दिवस असेल तर हस्तकला संग्रहालय. गावातल्या गल्लीसारखी वाट आणि तिच्या बाजूला चौक, चालता चालता संग्रहालय होऊन जातं. कस्तुरबा गांधी मार्गावरचं ब्रिटिश कौन्सिल बाहेरून बघा, दर्शनी भिंतीवर ब्रिटिश चित्रकार हॉवर्ड हॉजकिन यांनी काळ्या-पांढऱ्या दगडात पसरवलेली झाडाची सावली आहे. कॅनॉट प्लेसची जीवन भारती ही एलआयसीची इमारत मला आवडत नाही. दिल्लीच्या मे महिन्यात एवढी काच, आणि तीही आयुष्यभर हवेचा विचार केलेल्या माणसाकडून.

दिवाळीच्या सुट्टीचं गणित असं बसतं: दोन दिवस मुंबई आणि बेलापूर, एक दिवस पुणे, मग भोपाळ किंवा गोवा यांपैकी एकच. अहमदाबाद शनिवार-रविवारी वेगळं होतं, जयपूर-दिल्ली पुढच्या वर्षी. मेजरिंग टेप न्या, पाच मीटरचा पुरतो. मऊ पेन्सिल आणि साधी वही. फोन खिशात, निदान पहिला अर्धा तास. मूळ ड्रॉइंगं इथे शोधत बसू नका, कोरियांनी आपला मोठा संग्रह लंडनच्या त्या ब्रिटिश संस्थेला दिला. बेलापूरला जाल तेव्हा टोपी आणि पाण्याची बाटली घ्या, नोव्हेंबरातही दुपार तिथे भाजते.